‘गच्चीवरून पडला’ असं कुणी लिहिलं?

१४ डिसेंबर २०२१, मंगळवार. मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेबाला असतो. सौदा संपून पट्ट्या लिहायला बसलो होतो, तेवढ्यात अक्काचा फोन आला. फोनवर नुसतं रडणं. शेवटी शेजारच्या काकूंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “तुझं दाजी पडल्यात कामावर. कुठल्या दवाखान्यात नेलंय ते बघ आधी.”

दाजी सेंटरिंगचे मिस्त्री. वय ४०, काम वयाच्या अठराव्या वर्षापासून. त्या दिवशी कळंबा रोडला एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब खोलत होते. टेकू काढताना प्लेट निसटली आणि तिच्यासकट ते खाली आले. सुदैवानं (हा शब्द मी तेव्हा वापरला नसता) उभे पडले, डोकं वाचलं. दोन्ही टाचांची हाडं फुटली आणि कमरेचा एक मणका दबला. उंचावरून उभं पडलं की टाच आणि मणका एकदम मोडतात, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

दवाखाना खाजगी होता, ठेकेदाराच्या ओळखीचा. मी पोचलो तेव्हा ठेकेदार स्वतः तिथे होता, अगदी आपुलकीनं. “भावा, काळजी करू नको, मी हाय.” काउंटरवर त्यानं दहा हजार भरलेही होते. दाजींच्या पायाला प्लास्टरचा स्लॅब लावलेला, इंजेक्शनची गुंगी. केसपेपर उशाशीच होता, मी तो उचलून वाचला. इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा की घराच्या गच्चीवरून पडला.

आमच्या घराला गच्चीच नाही. वडणग्यात कौलारू घर आहे दाजींचं.

मी ठेकेदाराला विचारलं, तर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “साईट लिहिलं की पोलीस येत्यात, काम बंद पडतंय. मग तुमच्या दवाखान्याला पैसं कुठनं देऊ?” त्या क्षणी मला ते पटलं. लाज वाटते सांगायला, पण पटलं. पुढची साडेतीन वर्षं आम्ही त्या एका ओळीशी भांडत होतो.

दोन दिवसांत बिल ३८,४०० झालं आणि ठेकेदाराचा फोन लागेना. मणक्याचं ऑपरेशन करायचं तर तिथे लाखाच्या पुढे जात होतं. १६ तारखेला आम्ही दाजींना ॲम्ब्युलन्सनं सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, हलवलं. अपघात विभागात बसलेल्या तरुण डॉक्टरांनी सरळ दाजींनाच विचारलं, “कसं पडला? कुठं?” मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, “साईटवर. स्लॅब खोलताना.” डॉक्टरांनी ते तसंच लिहिलं, ठेकेदाराचं नावही लिहिलं, दारूचा वास नाही हेही लिहिलं आणि एमएलसी (पोलिसांना कळवायचं प्रकरण) अशी नोंद करून पोलीस चौकीला कळवलं. या डॉक्टरांचं नाव मला आजही माहीत नाही. त्या तीन ओळींवर पुढं काय काय उभं राहिलं, हे त्यांनाही माहीत नसेल. तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं करा : केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचा, येत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, आणि चुकीचं असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून मागा.

ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, केशरी कार्डावर. तरी बाहेरची औषधं, कमरेचा पट्टा, नंतरची फिजिओथेरपी, येणंजाणं धरून लाखाच्या आसपास खर्च झाला. पट्टा घेताना आम्ही बिल घेतलं नाही, फिजिओथेरपीवाल्यांकडे मागितलंच नाही. पुढे कोर्टानं बिलं असलेला खर्चच धरला. मेडिकलवाल्याकडून पेशंटच्या नावाचं, तारखेचं बिल घ्यायला एक मिनिट लागतो. तो मिनिट आम्ही कितीदा तरी वाचवला.

जानेवारीत ठेकेदार घरी आला, सोबत दोन माणसं आणि शंभराचा स्टॅम्प. एक लाख रोख, आणि लिहून द्यायचं की ‘माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’. घरात पिठाची चणचण होती. अक्कानं मंगळसूत्राचं डोरलं गहाण टाकलं होतं. ती सही करायला तयार झाली होती, आणि तिला मी कोणत्या तोंडानं नको म्हणणार होतो? मी एवढंच म्हणालो, “उद्या बघू.” त्या रात्री मी अडतीवरच्या शेठजींच्या ओळखीच्या एका वकिलांना फोन केला. ते म्हणाले, “घ्या की लाख. कागदावर सही केली तरी कायद्यानं तो कागद रद्दच आहे. पण करू नका, कारण रद्द आहे हे सिद्ध करत बसायला परत दोन वर्षं जातील.”

कायद्याचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. (आता त्याची जागा नव्या संहितेनं घेतली आहे, ते शेवटी सांगतो.) २०१० पर्यंत त्याच्या नावात ‘कामगार’ (इंग्रजीत ‘वर्कमेन’) होतं, म्हणून कोर्टात सगळे अजून ‘डब्ल्यूसी केस’च म्हणतात. मला वाटायचं, रोजंदारीवाल्याला, ज्याला नेमणुकीचं पत्र नाही, पीएफ नाही, त्याला कसला कायदा? तर तसं नाही. रोजावरचा माणूसही यात येतो. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला एवढं दाखवायचं. चूक कुणाची, निष्काळजी कोण होतं, हे सिद्ध करायची गरज नाही. भरपाई नाकारायला मालकाकडे मोजकीच कारणं असतात : माणूस दारू पिलेला होता, किंवा सुरक्षेसाठी दिलेली वस्तू त्यानं जाणूनबुजून काढून टाकली, किंवा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ही कारणंही चालत नाहीत. (दाजींना बेल्ट, हेल्मेट काही दिलंच नव्हतं. उत्तरात मात्र ‘बेल्ट दिला होता, घातला नाही’ असं आलं. त्याच उत्तरात आधी ‘या इसमास आम्ही ओळखत नाही’ असंही होतं. ओळखत नाही त्याला बेल्ट कसा दिला, असा प्रश्न मला पडला, पण वकिलांनी मला हसू नका म्हणून सांगितलं.)

त्या वकिलांची फी आम्हाला झेपणारी नव्हती. त्यांनीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवला. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं ऑफिस आहे. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. साधा अर्ज, आधार, रेशनकार्ड आणि अपघाताचे कागद एवढं दिलं. जायला जमत नसेल तर १५१०० हा फोन नंबर आहे. मोफतचा वकील म्हणजे कसा असेल अशी शंका मलाही होती. आम्हाला मिळालेल्या मॅडम वयानं लहान होत्या, पण प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करायच्या.

२८ फेब्रुवारी २०२२ ला रमणमळ्याच्या पोस्टातून दोन नोटिसा गेल्या, एक ठेकेदाराला, एक बिल्डरला. बिल्डरला कशाला, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की ज्याचा धंदाच बांधकामाचा आहे, त्यानं काम ठेकेदाराला दिलं तरी कामगाराच्या भरपाईला तोही बांधील असतो. नंतर त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांचा आपसातला प्रश्न. पण कुणी स्वतःचं राहतं घर बांधत असेल, तर घरमालकाचा तो धंदा नाही, त्याच्यावर असं बोट ठेवता येत नाही. तिथे ठेकेदारालाच धरावं लागतं. बिल्डरनं नोटीस घेतली. ठेकेदाराचं पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं. मी ते फोडणारच होतो. मॅडम ओरडल्या. परत आलेलं पाकीट तसंच, न फोडता जपायचं असतं, तो पुरावा असतो.

नोटीस गेली, पण अर्ज लगेच करता आला नाही, कारण अपंगत्वाचा दाखला हवा होता. जखम स्थिर झाल्याशिवाय तो मिळत नाही. जूनमध्ये ऑनलाइन नोंदणी करून सीपीआरला तपासणी झाली. दाखला आला : कायमचं अपंगत्व ३२ टक्के.

या टक्क्यानं आम्हाला आधी खचवलं. अपंगांच्या बहुतेक सवलतींना निदान ४० लागतात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची दोन लाखांची मदत ७५ टक्क्यांच्या वर. दाजींना काठी घेऊन चालता येतं, पण जिना चढताना दर पायरीला थांबावं लागतं, वाकून वीस किलोची प्लेट उचलणं विसराच, आणि कागदावर बत्तीस. मॅडमनी समजावलं की हा टक्का शरीराचा आहे, आपल्याला लागणारा टक्का वेगळा. कायदा विचारतो की कमावण्याची ताकद किती गेली. हाताची बोटं, डोळा, पाय अशा काही जखमांचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात छापलेले आहेत, म्हणजे अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. टाच आणि मणक्याचं तसं नाही. तिथे डॉक्टरांनी कमाईची क्षमता किती कमी झाली ते सांगावं लागतं, आणि ते त्या माणसाच्या कामाकडे बघून. सुप्रीम कोर्टाचा एक जुना निकाल मॅडमनी जोडला होता, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, १९७६ च्या निकालसंग्रहातला. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं गेलं. दाजींना मी हा निकाल वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “त्या सुताराचं पुढं काय झालं?” ते निकालात लिहिलेलं नव्हतं.

२२ ऑगस्ट २०२२ ला अर्ज दाखल झाला. मुदत अपघातापासून दोन वर्षांची असते, पण थांबू नका, साक्षीदार पांगतात. या कायद्याखालचे आयुक्त म्हणून आमच्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश काम बघतात. कायद्यात तीन महिन्यांत निकाल देण्याचं कलम होतं. आम्हाला पावणेतीन-तीन वर्षं लागली, त्यातल्या बहुतेक तारखा समोरच्यांनी वेळ मागितल्याच्या. माझ्या डायरीत ३४ तारखा आहेत. त्यातल्या एकवीस तारखांना मी अर्धा दिवस रजा टाकली. शेठजींनी एकदाही पगार कापला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

खरी अडचण वेगळीच होती. दाजी त्या साईटवर कामाला होतेच, हे कशावरून? हजेरी ठेकेदाराच्या वहीत, आणि ती वही कोर्टात आलीच नाही. पगार शनिवारी रोख. आम्ही घर उपसलं. दोन गोष्टी सापडल्या. पहिली, दोन वेळा ठेकेदारानं उचल फोन-पेवर पाठवलेली, त्यातली एक अपघाताच्या आधीच्या शनिवारची. दुसरी, पेटीचा फॉर्म. आमच्याकडे बांधकाम मंडळाची नोंदणी म्हणजे ‘पेटीचं कार्ड’. कायदा-बियदा कुणाला माहीत नसतो, पण पेटी आणि भांडी मिळतात हे सगळ्यांना माहीत. त्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि दाजींच्या दाखल्यावर सही-शिक्का याच ठेकेदाराचा होता. नोंदणीला फारसे पैसे लागत नाहीत. तुमच्या घरात कुणी गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाला, फरशीवाला असेल तर पेटीसाठी नको, त्या दाखल्यासाठी तरी नोंदणी करून घ्या आणि दरवर्षी नूतनीकरण करा. कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून वारसांना पाच लाख मिळतात, आणि ते मालकाकडच्या भरपाईच्या वर असतात, त्यातून वजा होत नाहीत.

उरला साक्षीदार. त्या दिवशी खाली उभा असलेला बिगारी विजापूरकडचा. एसटीचा संप सुरू असतानाच तो गावी निघून गेला होता. त्याला शोधायला मी आणि माझा मित्र २०२३ च्या मे महिन्यात गेलो, उन्हात, मोटरसायकलवर मिरजेपर्यंत आणि पुढं रेल्वेनं. तो यायला घाबरत होता, कारण त्याला परत त्याच ठेकेदाराकडे काम मागायचं होतं. मी त्याला आग्रह केला नाही. तो आला नाही.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी दाजींपुढे तो पहिला केसपेपर धरला. ‘घराच्या गच्चीवरून पडला असं इथे लिहिलंय. ही माहिती तुमच्यापैकीच कुणीतरी दिली ना?’ दाजी म्हणाले, मला गुंगी होती. ‘म्हणजे नाकारता येत नाही?’ दाजींनी माझ्याकडे बघितलं. साक्षीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे बघायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे एक साधी गोष्ट सुचली. केसपेपर हा एकच कागद आमच्याकडे होता. पण दवाखान्यात भरती करताना आणखी एक फॉर्म भरतात. पेशंटला त्याचे सगळे कागद मागण्याचा हक्क असतो, मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. मी दाजींच्या सहीचा अर्ज दिला, झेरॉक्सचे पैसे भरले. दोनदा ‘उद्या या’ झालं, तिसऱ्यांदा गठ्ठा मिळाला. भरतीच्या फॉर्मवर एक रकाना होता : सोबत आणणाऱ्याचं नाव. तिथे ठेकेदाराचं पूर्ण नाव, त्याचा मोबाईल नंबर, खाली त्याची सही. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं ‘मित्र’. वेळ, सकाळी ११.४०.

जो माणूस या इसमाला ओळखत नाही असं प्रतिज्ञापत्रावर म्हणत होता, तो मंगळवारी कामाच्या वेळेला त्याला दवाखान्यात घेऊन आला होता आणि ‘गच्ची’ ही माहितीही त्यानंच दिली होती. मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला आणि पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं हसल्या. ज्या कागदाला आम्ही इतके दिवस घाबरत होतो, त्याचा जोडकागद इतके दिवस त्याच फाइलमध्ये पडून होता.

डॉक्टरांची साक्ष २०२४ च्या नोव्हेंबरात झाली. ‘अर्जदार चालू शकतो का?’ हो. ‘बसून काम करू शकतो?’ हो. ‘मग काम का करू शकत नाही?’ डॉक्टर म्हणाले, “परांचीवर चढू शकत नाही, वजन उचलू शकत नाही. त्याला येतं ते काम या दोन गोष्टींशिवाय होत नाही.” क्षमता किती गेली या प्रश्नाला त्यांनी पन्नास टक्के सांगितलं. आम्ही शंभर मागत होतो.

निकाल ११ जुलै २०२५. हिशेब सांगतो, कारण तो आम्हाला कुणी आधी नीट सांगितला नव्हता. दाजींची हजेरी ८५०, महिन्याचे २२ हजारांवर. पण कायद्याच्या हिशेबात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, जानेवारी २०२० पासून. त्याचे ६० टक्के, ९,०००. त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणायचं, चाळिशीला तो १८४.१७ आहे. झाले १६,५७,५३०. त्याचे पन्नास टक्के, ८,२८,७६५. यात एक गंमत होती. आधारवर दाजींचं वय तीन वर्षं जास्त लागलेलं. वय वाढलं की गुणक उतरतो, त्यानं अडतीस हजारांवर फटका बसला असता. अक्कानं माळ्यावरून शाळा सोडल्याचा दाखला काढला, तो धरला गेला. वर बिलं असलेला दवाखान्याचा खर्च ५८,३४०, आणि अपघाताच्या तारखेपासून १२ टक्के व्याज. ठेकेदारानं सुरुवातीला भरलेले दहा हजार वजा झाले नाहीत, कारण उपचारावर दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत. दंड निम्म्यापर्यंत लावता येतो, तो लावला नाही. ठेकेदार आणि बिल्डर दोघांवर मिळून जबाबदारी.

दोन दिवसांनी निरोप आला की ते हायकोर्टात जाणार. पूर्वी हे ऐकून पोटात गोळा आला असता, मुंबई कुठली परवडते? पण १८ ऑगस्टपासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआरच्या समोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत. शिवाय मालकाला अपील करायचं तर भरपाईची पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते. अपील झालं नाही. ६ ऑक्टोबरला, दसऱ्यानंतर चार दिवसांनी, बिल्डरनं पैसे भरले. ठेकेदाराकडून त्यानं वसूल केले की नाही, मला माहीत नाही.

आमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि भरपाईचा भाग तिच्या सातव्या प्रकरणात गेला आहे. आता अर्ज करणार असाल तर वकिलांना हे आधी विचारा. घरातून कामावर जाता-येता झालेला अपघातही काही अटींवर त्यात धरला आहे, हे आधी कायद्यात असं लिहिलेलं नव्हतं.

पैसे खात्यात यायला अजून तीन आठवडे गेले, कारण पासबुकावर दाजींच्या वडिलांच्या नावात एक काना कमी होता. प्रतिज्ञापत्र, पुन्हा अर्ज. २९ ऑक्टोबरला जमा झाले. दुसऱ्या दिवशी अक्का आणि मी गुजरीत गेलो, डोरलं सोडवायला. सराफानं वही काढली, बोटं मोजली. कायद्याचं व्याज वर्षाला बारा टक्के, त्याचं महिन्याला दोन. अक्कानं विचारलं, “काही कमी होईल का हो?” त्यानं वही फिरवून तिच्यापुढे ठेवली. तिची सही होती तिथे.